उण्याला उणे

मराठीच्या प्राध्यापकाने विजेच्या विषयावर लिहू नये, असा काही नियम नाही. पण संकेत मात्र आहे, आणि तो मी आजवर निष्ठेने पाळला आहे. घरातला दिवा गेला तर नवा बसवणे आणि तोही लागला नाही तर शेजाऱ्यांना हाक मारणे, एवढाच माझा विजेशी व्यवहार. तरीही या दिवाळीच्या खेपेस मी वाचकांना दोन कंडेन्सरांची हकीकत सांगणार आहे. तीत माझ्या शहाणपणाचा एक पराभव दडलेला आहे, आणि दिवाळीच्या अंकात लेखकाने एखादा पराभव मोकळेपणाने सांगावा, म्हणजे फराळाच्या ताटात कडबोळ्यालाही जागा मिळते.

आमचे मूळ घर यवतला. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की लोणी, उरुळी आणि मग यवत. नोकरीसाठी मी पुण्यात राहतो. दादा, वहिनी आणि आई गावी असतात. बाहेरच्या माणसाला यवतची ओळख सांगायची तर मी देहूच्या पालखीची सांगतो. तुकोबारायांची पालखी ज्येष्ठात पुण्याहून निघते, लोणी काळभोरला एक रात्र राहते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात घरोघर भाकऱ्या थापल्या जातात आणि पिठल्याच्या कढया चढतात. यवतचे पिठले-भाकरी खाल्ले नाही असा त्या वाटेवरचा वारकरी विरळा. 1685 साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी हा पालखीसोहळा सुरू केला. आमच्या आईच्या लेखी मात्र काळाची मोजणी दुसरीच आहे : अमक्याच्या लग्नाच्या वर्षीची पालखी, आणि तमक्याला गोवर आला होता तेव्हाची पालखी.

वडील हयात असताना भजनात टाळ वाजवीत. आवाज बेताचा होता, म्हणून ते गाण्याच्या वाटेला गेले नाहीत. पण टाळांवर त्यांचा हात चांगला होता. मी शाळेत असताना एका वारीत, मुक्कामाच्या रात्री, दादाने देवळाच्या ओवरीत टेपरेकॉर्डर ठेवून ते भजन ध्वनिमुद्रित केले. ती कॅसेट आमच्या घरात देवासारखी जपली गेली. वडील गेल्यानंतर तर आईचा तो नेमच झाला. दुपारची जेवणे आटोपली की माजघरात टेपरेकॉर्डरची कळ दाबायची, भिंतीशी ठेवलेल्या लाकडी खोक्यातून मृदंग बोलू लागायचा, आणि आई वाती वळीत बसायची.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो असताना आई म्हणाली, “अरे, टाळ लाकडाचे झाले बघ.”

मला आधी कळलेच नाही. मी म्हणालो, “कसले टाळ?”

“कॅसेटातले. मृदंग हाय, माणसं हायेत. पण टाळ वाजतात ते लाकडावर लाकूड आपटल्यागत. त्यांची किणकिण गेली.”

मी पाच मिनिटे कान देऊन ऐकले. जुनी कॅसेट, जुने खोके. मला तर नेहमीसारखेच वाटले. आणि मग, वाचकहो, सुशिक्षित मुलगा अशा वेळी जे करतो तेच मी केले. मी तिला समजावून सांगितले. वय झाले की माणसाचे ऐकणे कमी होते, आणि ते सगळे एकदम कमी होत नाही. उंच, बारीक आवाज आधी जातात आणि खर्जातले मागे राहतात. मृदंग ऐकू येतो आणि टाळ येत नाहीत, याचा अर्थ उघड आहे. हे मी कुठेतरी वाचले होते आणि ते खरेही आहे. एखादी गोष्ट खरी असली की ती आपल्यासमोरच्या माणसाला लागू पडतेच, असा आपला समज असतो. माझाही होता.

आईने वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, “पण पलीकडच्या घरी आरती होते तेव्हा झांजा चांगल्या ऐकू येतात मला.” त्यावर मी काय म्हणालो ते आज लिहायला संकोच वाटतो. मी म्हणालो, “आई, तो तुला भास होत असेल. सवयीने ऐकू आल्यासारखे वाटते.”

पुढे कानाच्या डॉक्टरांना दाखवणे झाले. वयाच्या मानाने थोडी उणीव आहे, हवे तर यंत्र लावून पाहा, असे ते म्हणाले. त्यांचे काही चुकले नाही. त्यांच्यापुढे आम्ही कान ठेवला होता, खोके ठेवले नव्हते. भाऊबीज झाली की आईला पुण्याला आणायचे आणि यंत्र घ्यायचे असे दादाने आणि मी ठरवले. आई “बरं” म्हणाली. मात्र उन्हाळ्यापासून तिने ती कॅसेट लावणे हळूहळू सोडून दिले होते, हे मला वहिनीकडून दिवाळीत कळले.

दादाचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोही दिवाळीला घरी आला होता. या पोराला लहानपणापासून एक खोड आहे : काही बिघडले की कोणाचे चुकले हे तो विचारत नाही, वस्तू उघडून बघतो. पाडव्याच्या सकाळी आजीच्या कानाच्या यंत्राच्या गोष्टी चालल्या होत्या. त्याने ते सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आजी, टाळ लाकडाचे झाले म्हणजे कधीपासून? एका दिवसात झाले की हळूहळू?”

“हळूहळू रे. गेल्या दिवाळीपासून म्हण ना.”

तो उठला आणि खोक्याची मागची फळी उघडून बसला. कान तपासायच्या आधी खोके तपासावे हे आमच्या घरात इतक्या दिवसांत कोणालाच सुचले नव्हते. दोन पदव्या असलेल्या मला तर नाहीच.

मी त्याच्या शेजारी पाट घेऊन बसलो आणि तो सांगत गेला. आता सांगतो ते सगळे त्याचे शास्त्र आहे. त्यातली भाषा तेवढी माझी.

खोक्यात दोन कर्णे असतात. मोठा खर्जासाठी आणि छोटा, वाटीएवढा, उंच स्वरांसाठी. टेपरेकॉर्डरकडून येणारा प्रवाह दोघांकडे जातो. पण छोट्याच्या वाटेवर एक चाळणी बसवलेली असते. ती उंच स्वर पुढे सोडते आणि खर्ज अडवते. खर्जाचे धक्के छोट्याला बसले तर त्याचे नाजूक वेटोळे जळून जाईल. ही चाळणी म्हणजेच कंडेन्सर. शास्त्राच्या पुस्तकांतून त्याला ‘धारित्र’ म्हणतात. शब्द चांगला आहे, कारण विजेचा थोडासा भार धरून ठेवणे हेच त्याचे काम. पण यवतच्या बाजारात धारित्र मागितले तर दुकानदार हार्डवेअरच्या दुकानाकडे बोट दाखवील. ‘कंडेन्सर’ हा शब्दही काही कालचा नव्हे. इटलीच्या व्होल्टाने 1782 साली तसल्याच एका साधनाला ते नाव दिले. इंग्रजीत पुढे ते मागे पडले. आपल्या मिस्त्र्यांनी मात्र जपून ठेवले.

“काका, हा बघा गुन्हेगार,” पुतण्या म्हणाला. करंगळीच्या पेराएवढी एक नळकांडी त्याने तारेपासून सोडवली. तिच्यावर 4.7 मायक्रोफॅरड असे लिहिले होते आणि खाली ‘एन. पी.’ ही दोन अक्षरे. मीटर लावला तर एकसुद्धा भरेना. आत कागदाला लावलेला द्राव वर्षानुवर्षे सुकत आला होता. चाळणीची भोके बुजावीत तसे झाले होते; छोट्या कर्ण्याकडे जवळजवळ काहीच जात नव्हते. टाळ वाजत होते ते सगळे मोठ्या कर्ण्यातून, म्हणजे एखाद्या पखवाज्याच्या हाती टाळ द्यावेत तसे.

मी आईकडे पाहिले नाही. ती माजघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होती.

आता नवा कंडेन्सर आणायचा म्हणजे पुण्याच्या तपकीर गल्लीत जायला हवे. बुधवारातली ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाची पंढरीच. पण पाडव्याच्या दिवशी दुकाने कोण उघडणार? आणि गावातल्या मिस्त्र्यांकडे एन. पी. मिळेना. पुतण्याच्या डब्यात एका मोडक्या दूरदर्शन संचातून काढलेले पुष्कळ कंडेन्सर होते. पण त्या सगळ्यांना अधिक आणि उणे अशा बाजू होत्या. एका कडेला पांढरा पट्टा आणि त्यावर उण्याच्या रेघा. अशा कंडेन्सराला एकाच दिशेने वीज लावायची. उलटी लावली तर तो बिघडतो. आणि गाण्याचा प्रवाह तर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो! एन. पी. या अक्षरांचा अर्थ एवढाच, की याला उलटसुलट दोन्ही चालते.

“मग बाजू असलेला का करतात मुळात?” मी विचारले. “सगळे एन. पी.च करावेत.”

यावर त्याने जे सांगितले ते मला फार आवडले. साधा कंडेन्सर म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये विजेला अडवणारा पडदा. 1745-46च्या सुमारास हॉलंडातल्या लायडन गावी आणि जर्मनीत तो पहिल्याने सापडला तेव्हा तो चक्क काचेची बरणी होता. काच हाच पडदा. पडदा जितका पातळ तितका साठा जास्त. पण काच किती पातळ करणार? मग 1896 साली जर्मनीत काम करणाऱ्या कॅरोल पोलाक नावाच्या पोलिश संशोधकाने एक युक्ती काढली. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर योग्य द्रावात वीज सोडली की त्या धातूवर आपोआप एक साय धरते. ही साय विजेला अडवते आणि इतकी पातळ असते की माणसाचा केस तिच्या शेकडो पट जाड ठरावा. पेरभर डबीत एवढा साठा मावतो तो या सायीमुळे. पण ती साय एकाच बाजूच्या दाबापुढे टिकते. दाब उलटा झाला, की एखाद्या व्होल्टपर्यंत ती कशीबशी सोसते. पुढे मात्र वीज तिच्यातून वाहू लागते, द्राव तापतो, वायू सुटतो आणि डबी फुगते किंवा फुटते.

पुतण्याच्या भुवईवर एक जुना वण आहे. खेळताना पडलो असे त्याने घरी सांगितले होते. खरी गोष्ट त्याने त्या दिवशी सांगितली. पदविकेच्या पहिल्याच महिन्यात खोलीवर काहीतरी जुळवताना त्याने असला एक कंडेन्सर उलटा लावला होता. “डोक्यावर फुलीसारखी चीर पाडलेली असते ना, ती त्यासाठीच. फुटलाच तर टोपण नीट फाटावं म्हणून. माझा चीर नसलेला होता.” बोटभर खाली लागले असते तर डोळा गेला असता. वहिनीच्या हातातली चकलीची थाळी तशीच राहिली. दादा काही बोलला नाही. पण पुढचा अर्धा तास तो आमच्या जवळून हलला नाही.

“मग आता?” मी विचारले.

“आता दोन घ्यायचे,” तो म्हणाला, “आणि उण्याला उणे जोडायचे.”

त्याने डब्यातून 10 मायक्रोफॅरडचे, 50 व्होल्टचे दोन सारखे कंडेन्सर निवडले. मीटरवर दोन्ही तपासले. मग एकाचा उण्याचा पाय दुसऱ्याच्या उण्याच्या पायाला जोडला. बाहेर राहिले ते दोन अधिक. एक अधिक टोक येणाऱ्या तारेला आणि दुसरे अधिक टोक छोट्या कर्ण्याला. झाला एन. पी.

माझ्यातला व्याकरणकार जागा झाला. दोन नकार मिळून होकार होतो हे आम्ही वर्गात शिकवतो. ‘नाही असे नाही’ म्हणजे आहेच. पण वीज काही आपले व्याकरण शिकलेली नाही. मी म्हणालो, “अरे, प्रवाह उलटा आला की दोघांतला एक उलटाच पडणार. तो फुटणार नाही का?”

हीच खरी गोम होती, आणि ती समजायला मला आमच्या घरातल्या बोळाची मदत झाली. कल्पना करा, एका बोळात दोन दारे आहेत, एकामागे एक. पहिले फक्त आत ढकलले तर उघडते, दुसरे फक्त बाहेर ढकलले तर. आता कोणत्याही बाजूने लोंढा आला तरी एक दार उघडेल आणि दुसरे चौकटीला घट्ट बसून तो पेलेल. लोंढा उलटला की दोघांची कामे उलटतील. तसेच पहिल्या काही हेलकाव्यांत होते. ज्याच्यावर उलटा दाब येतो तो थोडी वीज वाहू देतो, आणि दुसरा सगळा दाब अंगावर घेतो. उलटा पडलेल्याला दाब सोसावाच लागत नाही, म्हणून तो वाचतो.

“पण काका, दाराची गोष्ट पहिल्या घटकेपुरतीच,” पुतण्या म्हणाला. “पुढं ती तुमच्या विहिरीसारखी होते.”

आमच्या परसातल्या आडावर पूर्वी एका चाकावर दोरीच्या दोन टोकांना दोन बादल्या होत्या. एक खाली गेली की दुसरी वर. पहिल्या काही हेलकाव्यांत या दोन कंडेन्सरांमध्ये, त्या उण्या-उण्याच्या गाठीवर, थोडा भार अडकून राहतो. तो भार म्हणजे ही दोरी. मग प्रवाह कितीही उलटसुलट होवो, एकावरचा दाब वाढला की दुसऱ्यावरचा तेवढाच कमी होतो. दोघांची बेरीज तीच. एक बादली काठाशी आली की दुसरी पाण्याशी पोचलेली असते; पण काठ ओलांडून कुणीच जात नाही. काठाच्या पलीकडे म्हणजे उलट दाब. दोघांपैकी कोणावरही तो येत नाही. उलट्या प्रवाहात दोघेही सुलटेच राहतात.

आणि याच बादल्यांवरून त्याने मला दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या. पहिली : दोघे मिळून भार वाटून घेतील, म्हणून निम्म्या व्होल्टचे कंडेन्सर चालतील असे समजू नये. प्रत्येक बादलीला आपल्या पाळीला पूर्ण तळ गाठावा लागतो. म्हणून प्रत्येक कंडेन्सर सबंध दाब पेलणारा हवा. आमच्या खोक्याच्या 8 ओहमच्या कर्ण्याला 20 वॅटची ताकद दिली तरी विजेचा हेलकावा 18 व्होल्टच्या आसपास जातो. त्याला 50 व्होल्टचे दोघे पुरून उरतात. दुसरी : दहा आणि दहा मिळून इथे वीस होत नाहीत, पाच होतात.

“पाच?”

“शेजारी शेजारी लावले तर वीस. एकामागे एक लावले तर पाच. दोघांच्या साई एकापुढे एक आल्या, म्हणजे पडदा दुप्पट जाड झाला. साठा निम्मा.”

हव्या होत्या 4.7, मिळाल्या 5. चाळणीची सीमा साधारण 4200 कंपनांवरून 4000 वर आली. माणसाच्या कानाला हा फरक कळायचा नाही. आजीच्या कानाला कळेल का, ते बघू, असे म्हणून तो हसला.

एक गंमत तर राहिलीच. तो सुकलेला एन. पी. त्याने नंतर चिरून दाखवला. आत एकाऐवजी दोन्ही पत्र्यांवर साय धरवलेली होती. म्हणजे कारखान्यात जे एका डबीत केले होते, तेच पुतण्याने माजघरात दोन डब्यांत केले. पाठीला पाठ लावून बसवलेले दोघे, एवढेच काय ते गुपित.

इतका वेळ गप्प बसलेल्या दादाने आता तोंड उघडले. विहिरीवरच्या सिंगल फेज मोटरीचा कंडेन्सर गेल्या महिन्यात गेला होता. तोही असाच घरच्या घरी करता आला असता की! पुतण्या ताडकन म्हणाला, “नाही. ते कधी करायचं नाही.” आणि हे मी वाचकांसाठी मुद्दाम नोंदवून ठेवतो. घरातली 230 व्होल्टची वीज प्रत्येक हेलकाव्यात 325 व्होल्टपर्यंत उसळते. त्यावर ही जोडी बसवली तर ती तापून फुटायला वेळ लागत नाही. मोटरीच्या पेटीत सुरुवातीचा झटका देणारा जो कंडेन्सर असतो तो जातीने याच दुहेरी सायीचा. पण तो त्याच कामासाठी बनवलेला असतो आणि दोन-तीन सेकंदांत बाजूला होतो. मोटर चालू असताना अखंड राहणारा कंडेन्सर निराळा. त्यात द्रावही नसतो आणि सायही नसते, प्लॅस्टिकचा पडदा असतो. आपल्या पंख्यातला 2.5 मायक्रोफॅरडचा डबा हाही त्याच जातीचा. पंखा मंद झाला तर त्याच जातीचा, त्याच आकड्याचा नवा आणून बसवावा. युक्ती कुठे चालते हे कळण्याइतकेच ती कुठे चालत नाही हे कळणे महत्त्वाचे. हे वाक्य पुतण्याचे नाही, माझे आहे. पण भुवईवरचा वण त्याचा आहे, आणि वाक्यापेक्षा तो जास्त बोलतो.

डाख देऊन झाला. मागची फळी बसली. चहा झाला. मग वहिनीने देवघरातून कॅसेट आणली, आणि पुतण्याने कळ दाबली.

आधी नेहमीची खरखर. मग मृदंगाची थाप. मग कुणीतरी खाकरले, आणि टाळ वाजले.

मी उन्हाळ्यात पाच मिनिटे ऐकले होते तेच हे टाळ. पण तेव्हा ऐकले ते काय होते, असा प्रश्न मला पडला. काशाचा तो स्वच्छ, धारदार नाद माजघराच्या भिंतींवर आपटून परत येत होता. शंभर माणसांचे टाळ एकदम पडत होते. आणि कान दिला की त्यांतले जवळचे कोणते आणि लांबचे कोणते हेही वेगळे ऐकू येत होते.

आई उंबऱ्यावरून उठून खोक्याजवळ आली. बराच वेळ ऐकून तिने हात वर केला आणि एका टाळाकडे बोट दाखवावे तसे खोक्याच्या जाळीकडे दाखवले.

“हे,” ती म्हणाली. “हे तुमचे वडील. सगळ्यांच्या जरासं मागून पडतं बघ. भजनकरी त्यांच्यावर रागवायचे. ‘मागं राहता’ म्हणायचे.”

आम्ही कान दिला. खरेच, सगळ्या टाळांच्या मागोमाग, निमिषभर उशिरा, एक टाळ पडत होता. एवढी वर्षे ही कॅसेट घरात होती. दादाने ती भरली होती. मी ती अनेकदा ऐकली होती. तो उशिरा पडणारा टाळ आमच्या कानांना कधी सापडला नव्हता, आणि आईला तेवढ्यासाठीच ती कॅसेट हवी होती. ‘टाळ लाकडाचे झाले’ असे ती म्हणाली तेव्हा काय हरवल्याचे ती सांगत होती, हे मला त्या क्षणी कळले. आणि त्यावर मी तिला माणसाच्या वयाचे शास्त्र शिकवले होते!

मी म्हणालो, “आई, मी तुला भास होतो म्हणालो होतो.”

ती म्हणाली, “व्हय, म्हणाला होतास.” एवढेच. मग वातींचे तबक पुढे ओढून ती वाती वळू लागली.

त्या एवढ्याशा नळकांडीतले अधिक आणि उणे पुतण्याने किती काळजीने तपासले होते! हिची कोणती बाजू काय सोसते, कोणती सोसत नाही, हे आधी बघून मगच तार लावली. आम्ही मात्र आईची तक्रार ऐकली आणि तिची उलट बाजू कोणती हे न पाहताच उत्तर जोडून मोकळे झालो. तिने ते निमूटपणे सोसले. माणसे फुटत नाहीत. कॅसेट लावायची बंद करतात. आणि आवाज होत नाही म्हणून आपल्याला काही चुकले असे वाटतही नाही.

भाऊबीजेला निघताना कानाच्या यंत्राचे काय करायचे, असे दादाने विचारले. डॉक्टरांनी थोडी उणीव आहे असे सांगितले होते, आणि ते खोटे नव्हे. ते पुन्हा एकदा नीट बघू, पण आईला विचारून, असे आम्ही ठरवले. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला ऐकू येतंय तोवर येतंय. तुम्हाला कमी ऐकू येतं, तुमचं आधी बघा.”

पुतण्या दिवाळीनंतर तपकीर गल्लीतून एक नवा एन. पी. घेऊन आला. मात्र तो बसवायला आजीने नकार दिला. आहे ते चांगले चालले आहे, उगाच हात लावू नकोस, म्हणाली. तेव्हा यवतच्या आमच्या माजघरात भिंतीशी त्या लाकडी खोक्यात अजून ते दोघेच आहेत, उण्याला उणे लावून बसलेले. आणि दुपारची जेवणे आटोपली की त्यांच्यातून, सगळ्यांच्या जरासा मागून, तो टाळ वाजतो.